मेंदी, कोयनेल आणि एक अनोळखी

माझ्या अमरावतीच्या घराचं कुंपण आधीच्या मालकांनी लावलेलं. ज्याच्याकडून जी फांदी मिळाली ती त्यांनी खोचली असावी. मेंदी, कोयनेल, अडुळसा, तगर, मध्येच एक जास्वंद. मी शाळेत भूगोल शिकवते. झाडांशी माझा संबंध महिन्यातून एकदा कातर घेऊन सगळ्यांना एका उंचीवर आणण्यापुरता. वर्गातही माझा हाच खाक्या असतो, असं मुली म्हणतात.

आई गेल्यावर वडील तेल्हाऱ्याहून माझ्याकडे राहायला आले. शेत आता भाऊ पाहतो. साठ वर्षं कपाशी केलेला माणूस शहरात दुपारभर काय करणार? कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचे.

गेल्या उन्हाळ्यापासून ते विसरायला लागले होते. चहा झाला का, हे चहा पिऊन झाल्यावर विचारायचे. एकदा ऑटोवाल्याला घराचा पत्ता सांगता आला नाही. डॉक्टरांनी त्यांना वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला लावलं आणि मला लक्ष ठेवायला सांगितलं. वडिलांना ते फार लागलं. घरी आल्यावर त्यांनी आपली परीक्षा आपणच घ्यायचं ठरवलं.

"माणसायची नावं गेली त चालते," ते मला म्हणाले. "झाडं गेली नाई पायजे."

मग कुंपणाच्या एका टोकापासून त्यांनी एकेका झुडपाला हात लावत नाव घ्यायला सुरुवात केली. सगळी बरोबर. फाटकाजवळच्या एकापाशी मात्र ते थांबले. मनगटाएवढं खोड, करड्या फांद्या, बोटं फाकल्यासारखी बारीक पानं, आणि सगळं मेंदीत पार गुंतलेलं. त्यांनी पान तोडून चावलं. अंबाडी वाटते पण आंबट नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी जेवण अर्ध्यावर टाकून उठले.

मलाही ते झुडूप ओळखता येईना. नर्सरीतलं काहीतरी विदेशी असेल, एवढं काय मनावर घ्यायचं, असं मी जरा तुटकपणे बोलून गेले. लगेच मला माझ्या जिभेचा राग आला. मग फोनमध्ये पानाचे फोटो काढले. फोन एकदा जास्वंद म्हणाला, एकदा अंबाडी, तिसऱ्यांदा एरंड. तो नाद मी सोडला. वडील म्हणाले, याला कापू नको, फुलावर येऊ दे. मी त्याच्यापुरती कातर बाजूला ठेवली. नागपंचमीपासून ते जे वाढत गेलं ते दोन महिन्यांत माझ्या डोक्याच्या वर गेलं. वडील रोज त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे आणि काही न बोलता परत यायचे.

नवरात्रात एका सकाळी मी पूजेची फुलं काढायला गेले, तर त्यावर पहिलं फूल. फिकट पिवळं, आत तळाशी गडद लाल डाग. मी तिथेच थिजले. ती कपाशी होती. वातींसाठी अंगणात लावतात तो देवकापूस.

आमच्याकडे कपाशीचं आयुष्य एका हंगामाचं. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून चुलीत जाते. मनगटाएवढ्या खोडाची, कातरून चौकोनी केलेली कपाशी आम्ही कधी पाहिलीच नव्हती. पण हे वडिलांना कोण पटवणार? साठ वर्षं जे केलं तेच ओळखू आलं नाही, हे कळलं तर ते खचतील, अशी मला धास्ती वाटली. ओळखलं मीही नव्हतं. पण मला आजचा वार कोणी विचारत नव्हतं.

वडिलांची आंघोळ व्हायच्या आत मी फूल तोडलं, पर्समध्ये टाकलं आणि शाळेच्या कचरापेटीत फेकलं. दुसऱ्या दिवशी दोन फुलं होती, तिसऱ्या दिवशी तीन. चोरी करत असल्यासारखं वाटायचं, तरी मी तोडत राहिले.

रविवारी उठायला उशीर झाला. बाहेर आले तर वडील त्या झुडपापाशी उभे. दोन उमललेली फुलं त्यांच्या समोरच होती. मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "फुलं तोडू नको माय. बोंडं कशी धरतीन?"

तुम्हाला केव्हा कळलं, असं मी विचारलं. कळ्या धरल्या तेव्हाच, पंधरा दिवसांपूर्वी, असं त्यांनी सांगितलं. शरम वाटली म्हणून बोलले नव्हते. रात्री झोप लागत नव्हती. आता पुढे काय काय जाईल, याचाच विचार करत पडून राहायचे. हे सगळं ते झाडाकडे बघत सांगत होते. मग माझ्याकडे वळले.

"तू फुलं तोडाले लागली तवा समजलं, भेव तुलेबी वाटते. मले वाटे, मलेच वाटते."

इतके महिने मी त्यांना काही होणार नाही, काही होणार नाही, असंच सांगत आले होते.

"वाटते, बाबा," मी म्हणाले. "लय वाटते."