वुलमरचे हात

संत मार्टिनच्या सणाला हेझलवेल गावात डुकरं कापायची ती वुलमरनेच, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी त्याला बोलवायलासुद्धा जात नसे. हिवाळा तोंडावर आलेला असायचा, जनावरांना घालायला काही उरलेलं नसायचं आणि घरोघरी एखाद-दुसरं डुक्कर मिठात घालून ठेवायची घाई असायची. वुलमर सुरी कमरेला लावून सकाळीच निघायचा. डुकरापाशी गुडघे टेकून बसायचा, त्याच्या कानामागे खाजवायचा, हळू आवाजात काहीबाही बोलायचा आणि बोलता बोलता काम उरकायचा. जनावर ओरडत नसे. शेजारच्या गावांत सणाच्या दिवशी कानात बोळे घालायची वेळ यायची, आणि आमच्याकडे पोरं तिथेच अंगणात खेळत असायची.

त्याची बायको हॅविस तोंडाची फटकळ होती. गावासाठी बिअर तीच काढायची, आणि प्यायला आलेल्यांदेखत नवऱ्याला टोमणे मारायची.

"डुकराशी एवढं लाडालाडाने बोलतोस. माझ्याशी कधी बोललास का तसा?"

"तुझ्याशी तसा बोललो तर तू रात्रभर डोळा मिटणार नाहीस," वुलमर म्हणायचा. "लाडाने बोलून झालं की मी काय करतो, ते तुला ठाऊक आहे."

मग सगळे हसायचे, आणि हॅविस त्याचा पेला जरा जास्तच भरायची.

एरवी तो गावाची डुकरं राखायचा. ओकची फळं गळायला लागली की सगळ्यांची डुकरं घेऊन रानात जायचा. रान राजाचं. झाडं राजाची, हरणं राजाची, हरणांनी खायचा पालाही राजाचा. राजा स्वतः आमच्या रानात कधी फिरकला नव्हता, पण त्याची हरणं आमच्या ओटच्या शेतात रोज फिरकायची आणि आम्ही त्यांना हाड म्हणायचं नाही, असा कायदा होता. कुत्र्यांनी हरणांमागे धावू नये म्हणून रानाचे लोक येऊन त्यांच्या पुढच्या पायाची नखं छिन्नीने तोडून जायचे. हॅविसची कुत्री त्यामुळे जन्मभर लंगडत चालली. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, हे आता वाईट वाटतं.

त्या वर्षी पानगळीत एक गाभण डुकरीण कळपातून भरकटली. तिला शोधत वुलमर ओढ्याच्या अंगाला गेला, तर काटेरी जाळीत एक हरिणी अडकलेली. पोटात बाण. बाण जुना होता, जखम सडलेली होती, माश्या बसत होत्या. हरिणी कण्हत होती. आमच्यातला दुसरा कुणी असता तर आल्या पावली मागे फिरला असता, कारण राजाच्या जनावराजवळ सापडणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. वुलमरलाही ठाऊक होतं. पण जनावर तळमळताना दिसलं की त्याचे हात त्याला विचारत नसत. तो गुडघे टेकून बसला, तिच्या कानामागे खाजवलं, काहीतरी बोलला आणि सुरीने तिला मोकळी केली.

तो अजून गुडघ्यांवरच होता, तेवढ्यात रानाचा रखवालदार हर्वी घोड्यावरून तिथे आला.

"हात दाखव," हर्वी म्हणाला.

वुलमरने हात पुढे केले. ते कोपरापर्यंत लाल होते.

"आधीच बाण लागलेला होता तिला," वुलमर म्हणाला. "बघ ना. मी नुसतं..."

"बघितलं. माझं डुक्कर गेल्या सणाला तूच कापलंस वुलमर, तुझा हात मला कळत नाही होय? पण कायदा बाण बघत नाही, हात बघतो." आणि त्याने कमरेचं शिंग फुंकलं.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे आजूबाजूच्या चार गावची माणसं त्या हरिणीभोवती गोळा झाली. हिला कुणी मारलं, कुणी पाहिलं, असं शपथेवर विचारण्यात आलं. बाण सगळ्यांच्या समोर होता. गुळगुळीत दांडा, टोकाला रंगवलेली पिसं. असे बाण आमच्याकडे कुणाकडे असणार? आठवड्यापूर्वी टेकडीवरच्या गढीत पाहुणे आले होते आणि सरदाराचा भाचा त्यांना घेऊन रानात शिरला होता, हे चारही गावांना माहीत होतं. चारही गावांनी कानावर हात ठेवले. हेझलवेलच्या वतीने बोलला तो रेनर, म्हणजे हॅविसचा सख्खा थोरला भाऊ. तो म्हणाला, "आम्हाला काही ठाऊक नाही." मग मांस पुलापलीकडच्या महारोग्यांच्या घरी पाठवण्यात आलं, बाण न्यायाधीश येईपर्यंत जपून ठेवण्यात आला, आणि वुलमरला किल्ल्याच्या तुरुंगात नेलं.

हॅविस संध्याकाळी भावाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दादा, बाण तुला दिसला नाही?"

"दिसला."

"कुणाचा ते कळलं नाही?"

"कळलं." रेनर तिच्याकडे बघत नव्हता. "नाव घेतलं असतं तर काय झालं असतं सांग. तो भाचा मामाच्या घरी जेवत बसला असता आणि मी तुझ्या नवऱ्याशेजारी जाऊन पडलो असतो. मग तू दोघांना पाव नेला असतास का?"

"नेला असता," हॅविस म्हणाली, आणि पुढे कित्येक वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही.

वुलमरचा निवाडा राजाचे न्यायाधीश करणार होते. ते देशभर फिरत एकेका रानाचे खटले निकालात काढायचे. ते कधी येणार, असं विचारलं की हर्वी म्हणायचा, "येतील." राजा समुद्रापलीकडे लढाईला गेला होता, म्हणून आले नाहीत. मग येणार अशी दवंडी पिटली, आणि येणार नाहीत अशी दुसरी दवंडी पिटली. ती भरकटलेली डुकरीण आपल्या पायांनी घरी आली होती आणि व्याली होती. त्यातलं एक पिलू हॅविसने ठेवून घेतलं. ते पिलू वाढलं, त्याची डुकरीण झाली, ती किती वेळा व्याली, म्हातारी होऊन अंगणात पडून राहू लागली, तरी न्यायाधीश आले नाहीत.

कैद्याला खायला घालायचं ते त्याच्या घरच्यांनी. हॅविस जवाचा पाव आणि शिजवलेले वाटाणे बांधून पहाटे निघायची, ती दिवस कलताना किल्ल्यापाशी पोचायची. तुरुंगाची खिडकी जमिनीलगत होती, त्यामुळे ओणवं होऊन बोलावं लागे. कधी कधी तिच्या गाठोड्यात चीजचा तुकडा असायचा. तो रेनर तिच्या उंबऱ्यावर ठेवून जायचा, आणि ती न बोलता घ्यायची.

सुरुवातीला वुलमर डुकरांची चौकशी करायचा. अमकीला किती झाली, लाकूडतोड्याच्या काळ्या डुकराचा पाय बरा झाला का. हॅविस मीठमसाला लावून सगळं सांगायची, आणि आतून हसल्याचा आवाज यायचा. मग हळूहळू त्याचं विचारणं कमी झालं. आत थंडी फार होती. तो हात काखेत दाबून बसायचा, पाव घ्यायला तेवढे बाहेर काढायचा आणि लगेच परत काखेत घालायचा. उन्हाळ्यातही तो तसाच बसतो, हे तिच्या लक्षात आलं.

"आता कशाला? उकडतंय की."

"असू दे," तो म्हणाला. "इथे असले की माझ्या ताब्यात राहतात."

हॅविसला त्याचा अर्थ कळला नाही, पण परतीच्या वाटेवर ती खूप रडली.

शेवटी न्यायाधीश आले. ज्यांचं ज्यांचं रानाशी काही देणंघेणं होतं, ते सगळे किल्ल्याच्या मोठ्या दालनात कोंबले गेले. हॅविस खांबाला टेकून बायकांत उभी होती. काय बोलायचं ते तिने वाटभर घोकलं होतं. 'सरकार, त्याने तिला मारलं नाही. ती मरतच होती. त्याने तिचे हाल थांबवले.' बायकांना कुणी बोलू देणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ती घोकत होती.

कारकून नावं पुकारत होता. पुष्कळ नावांना मागून कुणीतरी "वारला" असं उत्तर द्यायचं, आणि कारकून पुढचं नाव घ्यायचा. मधोमध बसलेला न्यायाधीश म्हातारा होता. त्याला पडसं झालं होतं. तो फ्रेंचमध्ये बोलायचा आणि कारकून आमच्या भाषेत सांगायचा. वुलमरला पुढे आणलं तेव्हा हॅविसला तो आधी ओळखूच आला नाही, इतका तो उजेडात लहान दिसला.

"तुझे हात रक्ताने भरलेले सापडले. खरं?"

"खरं."

"आणखी काही सांगायचंय?"

बाण टेबलावरच पडला होता. रंगीत पिसं आता विटली होती.  वुलमरने बाणाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

न्यायाधीश रुमालात नाक शिंकरून दोन शब्द बोलला. कारकुनाने सांगितलं, "पुष्कळ वर्षं कैदेत पडून होता. गरीब आहे. सोडून द्या." मग हेझलवेल गावाला चौकशीला माणसं कमी पाठवल्याबद्दल दंड केला आणि पुढचं नाव पुकारलं. डुक्कर धरून बांधायला लागतो, तेवढाही वेळ या सगळ्याला लागला नाही. बाणाला कुणी हातही लावला नाही.

त्या न्यायाधीशाला वाईट म्हणवत नाही. त्याने दया केली. पण वुलमरने गुन्हा केलाच नव्हता, हे कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणेल म्हणून हॅविस इतकी वर्षं थांबली होती, आणि ते कुणीच म्हणालं नाही. तरीही ती धावत पुढे गेली. नवरा घरी येत होता. रेनरने गाडी आणली होती, आणि त्या दिवशी ती भावाशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली. "दादा, हळू हाक. त्याची हाडं खिळखिळी झालीत," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी मार्टिनच्या सणाला गाव वुलमरची वाट बघत राहिलं. हॅविसने त्याची सुरी धार लावून त्याच्या शेजारी ठेवली होती. त्याने ती उचलून फळीवर ठेवली, आणि काखेत हात घालून चुलीपाशी बसला.

"अरे, डुकरं आपली आहेत," हॅविस म्हणाली. "राजाची नाहीत."

"ठाऊक आहे मला."

"निदान अंगणातल्या आपल्या म्हातारीला तरी तू मोकळी कर. दुसऱ्याच्या हाती नको देऊ तिला."

 डुकरं शेवटी रेनरने कापली, आणि त्याला ते जमत नव्हतं. गावभर किंकाळ्या उठल्या. पोरं घाबरून घरात आली. वुलमर एवढासा आवाज न करता बसून होता.

मग वसंतात एक दिवस सकाळी ओटच्या शेताच्या कुंपणात एक हरिणी पडलेली सापडली. रात्री उडी मारताना खुंटावर पडली असावी. मागचे दोन्ही पाय मोडले होते. ती ओरडत होती, आणि हरणाचं ओरडणं माणसाच्या पोराच्या ओरडण्यासारखं असतं. रेनर हर्वीला बोलवायला रानापलीकडे गेला. बाकीचे लांब उभे राहिले, कारण जवळ जायचं नव्हतं. सगळ्यांची नजर वुलमरच्या घराकडे जात होती.

वुलमर बाहेर आला आणि सरळ हरिणीकडे चालू लागला.

हॅविसने फळीवरची सुरी उचलली, झग्यात लपवली आणि ती त्याच्यामागे निघाली. आपण काय करतोय ते तिला नीट कळत होतं. त्याने आज हात लावला तर तो पुन्हा तुरुंगात जाईल आणि या खेपेला परत येणार नाही. तरी तिला वाटत होतं की त्याने सुरी मागावी. त्याने हात पुढे केला असता तर तिने ती दिली असती. निदान एका दिवसासाठी तरी तिला तिचा माणूस परत हवा होता.

वुलमर हरिणीपाशी गुडघे टेकून बसला. हात काखेतच होते. हरिणीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओरडली. तो तसाच बसून राहिला. सूर्य वर आला, पलीकडे कलला. हॅविसही तिथेच बसली, मांडीवर सुरी, वर झगा.

"निदान बोल तरी तिच्याशी," शेवटी ती म्हणाली. "डुकरांशी बोलायचास तसा. बोलण्यावर कायदा नाही."

वुलमरने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही तो हात काढत नव्हता.

"बोललो की हात जातो," तो म्हणाला.

 घरी आल्यापासून तो हॅविसशीही धड एक शब्द बोलला नव्हता. इतके दिवस तिला त्याचा राग येत होता. आता तिला राग येईना.

हरिणी संध्याकाळ होताना गेली. थोड्या वेळाने हर्वी आला. तोही म्हातारा झाला होता, त्याला घोड्यावरून उतरायला रेनरने हात दिला. तो काही विचारायच्या आतच वुलमरने काखेतून हात काढले आणि दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. ते स्वच्छ होते.

"मी विचारलं नाही वुलमर," हर्वी म्हणाला. "खाली घे."

वुलमरने हात खाली घेतले नाहीत. हर्वीने दुसरीकडे तोंड फिरवलं. मांस महारोग्यांकडे न्यायला गाडी आली, हरिणी गाडीत घातली, गाडी गेली, माणसं घरोघर परतली, तरी ते हात तसेच पुढे होते.

मग हॅविसने सुरी तिथेच गवतात टाकली. त्याचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले, हळूहळू खाली आणले, आणि कानामागे खाजवत त्याच्याशी काहीबाही बोलत त्याला घरी घेऊन गेली.