सात नंबरचा व्हॉल्व्ह

नाना यादी कधी मनातल्या मनात वाचत नसत. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत, आणि समोरचा माणूस त्या व्हॉल्व्हवर हात ठेवून पाइप कुठे जातो ते सांगेपर्यंत बोट पुढे सरकत नसे. डेअरीतले लोक याला नानांची पोथी म्हणत. आज कितवा अध्याय, असं कोणी विचारलं तर नाना हसत. बोट मात्र जागचं हलत नसे.

नव्वदनंतरची ती वर्षं. धुळ्याच्या एका डेअरीत नाना जुने यंत्रचालक होते. चाळीसगावच्या शीतकरण केंद्रातून मी तिथे बदलून आलो, तो नव्या संगणकासाठी. दूध टाकीत गेलं की रिकामे पाइप कॉस्टिक सोड्याच्या कढत, दाहक पाण्याने धुवायचे आणि ते पाणी गटारात सोडायचं, हे काम नाना आजवर हाताने करत. आता ते संगणक करणार होता. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि किती मिनिटांनी मिटायचा, हे एका फाइलमध्ये ओळीने लिहायचं. संगणक तसंच करत जाई. लिहिलेलं बरोबर की चूक, हे त्याला कळत नसे.

चाळीसगावची फाइल वर्षभर बिनतक्रार चालली होती. मी तीच उतरवली, मिनिटं बदलली आणि दोनदा तपासून पाहिली. नानांना तसं सांगितलं.

"सायेब, कागदले पाईप दिसत नही," ते म्हणाले.

त्यांचा नियम असा की लिहिणाऱ्याने वाचायचं नाही, पाइपांबरोबर चालायचं. मला तो अपमान वाटला. तरी गेलो, कारण दुपारची वेळ होती, टाकी दुधाने भरलेली होती आणि तेच दूध पहाटे पिशव्यांतून गावभर जायचं होतं.

नाना वाचत होते आणि मी या व्हॉल्व्हवरून त्या व्हॉल्व्हवर हात ठेवत कंटाळून उत्तरं देत होतो. नवव्या ओळीवर त्यांनी वाचलं, सात नंबर उघडा. चाळीसगावला सात नंबर गटाराचा. सवयीने 'गटार' म्हणणार, तेवढ्यात हाताखालचा पाइप वर चढताना दिसला. मी नजरेने त्याच्यामागे शेवटापर्यंत गेलो.

"बोला ना. कोठे जास?"

"दुधाच्या टाकीत," मी म्हणालो.

नाना एका पालथ्या कॅनवर बसले आणि दोन चहा सांगितले. चहा संपल्यावर मी ती ओळ सुधारली आणि दहाव्या ओळीपासून पुढे जाऊ म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. टाकीकडचा पाइप सोडवून ठेवला आणि सगळी यादी आधी साध्या पाण्यावर चालवली.

"पाणीनी चूक गटारमा जास, भाऊ. दूधनी पोटमा." त्या दिवसापासून मी 'सायेब'चा 'भाऊ' झालो.

पहाटे गाड्या भरून गेल्या. फाटकाशी उभा राहून मी शेवटची गाडी वळेपर्यंत पाहत राहिलो.

पुढे अनेक ठिकाणी मी अशा फाइली लिहिल्या. प्रत्येक वेळी धास्ती असे. नानांची नजर म्हणून दूध वाचलं, आपल्याजवळ ती नजर नाही, असं वाटे. ते निवृत्त होऊन खूप वर्षं झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं, "नाना, तुम्हाला सात नंबर आधीच दिसला होता ना?"

ते बराच वेळ हसले. "माले दिसता तर तठेच सांगतु. तुले कशाले फिरावतु? माले बी नही दिसनं, भाऊ."

गेल्या महिन्यात नाना गेल्याचा निरोप आला. रडू आलं. पण त्यांच्यामागे आपलं कसं होणार, ही भीती वाटली नाही. सात नंबर त्यांच्या नजरेने नव्हे, पाइपवर हात ठेवत चालण्याने सापडला होता, आणि तसं चालणं मला येत होतं. ती भीती त्यांनी त्या भेटीतच, हसत हसत काढून घेतली होती.