एक्केचाळीस नंबरची कांडी

मार्तंड हेडाऊ यांच्या नाट्यगृहात मोबाईल वाजत नसे. नागपुरात त्यांची ओळख सांगायची झाली तर लोक आधी हेच सांगत, त्यांच्या नाटकांचं नंतर.

ते कोष्ट्याच्या घरातले. वडील हातमागावर नऊवारी विणायचे आणि लहानगा मार्तंड मागाशेजारी बसून कांड्यांवर सूत भरायचा. दिवसभर मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची खटखट चालायची. मधेच धागा तुटला की खटखट थांबे आणि सगळं घर श्वास रोखून वडिलांच्या बोटांकडे बघत बसे. वडील तुटलेलं टोक शोधायचे, गाठ मारायचे, मग पुन्हा खटखट सुरू. ती शांतता मार्तंडरावांच्या मनात घर करून राहिली. पुढे माग विकला गेला, वडील गेले, मार्तंडराव एका कचेरीत कारकून झाले आणि संध्याकाळी नाटकं बसवू लागले. प्रत्येक नाटकात ते तीच शांतता शोधायचे. धंतोलीतल्या कलाविहार नाट्यगृहाचं संचालकपद मिळालं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बायको म्हणाली, "आता तरी बरं वाटते ना तुमाले?" ते नुसते हसले.

फोन आले तशी ती शांतता विरत गेली. मग त्यांनी नियम केला. दारात नाट्यगृहातली कामवाली कांताबाई टोपली घेऊन बसे. फोनवर नंबराची चिठ्ठी चिकटवून तो टोपलीत ठेवायचा आणि बदल्यात तोच नंबर रंगवलेली लाकडी कांडी घ्यायची. त्या कांड्या वडिलांच्या मागाच्या होत्या. लोक कुरकुरले, काहींनी यायचं सोडलं, पण नियम मोडला नाही.

तसं बघता यायचं तर सगळ्यांनीच सोडलं होतं. सहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये चाळीस डोकी दिसू लागली. नाट्यगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव भूपेशबाबू एप्रिलमध्ये स्पष्टच बोलले. "सर, मेच्या प्रयोगाले मी स्वतः येतो. अर्धा हॉल तरी भरलेला दिसला पाहिजे. नाहीतर दिवाळीपासून लग्नाकार्याले देऊन टाकू. मले बी संस्थेत तोंड दाखवायचं आहे."

तो प्रयोग मार्तंडरावांच्या नव्या नाटकाचा होता. एका म्हाताऱ्या विणकरणीचा शेवटचा दिवस. तिसऱ्या प्रवेशात ती एकटीच मागावरचं अर्धं लुगडं कापून उतरवते. चार मिनिटं एक शब्द नाही. रुचिका ती भूमिका करायची. पोरगी अठ्ठावीस वर्षांची, पण हात साठीचे वाटावेत इतकी तयारी मार्तंडरावांनी करून घेतली होती.

प्रयोगाच्या दुपारी ऊन नुसती आग ओकत होतं. तिकिटं गेली होती तीस. मार्तंडराव फाटकात उभे राहिले. समोर दवाखान्यांच्या भिंतींना टेकून, झाडाखाली, पायऱ्यांवर, विदर्भभरातून आलेले पेशंटचे नातेवाईक बसले होते. त्यांना वाटलं, ही माणसं तर रोज इथेच असतात.

ते रस्ता ओलांडून गेले. "चला जी, आत चला. कूलर आहे, थंड पाणी आहे. नाटक फुकट."

माणसं उठली. कोणी धोतरात, कोणी डब्याची पिशवी सांभाळत. एक बाई म्हणाली, "झोप लागली तं चालन का?" "चालन, पण घोरू नका," मार्तंडराव म्हणाले आणि सगळे हसले.

दारात एक म्हातारा अडला. बाबाराव, नरखेडकडचा संत्र्यावाला. फोन छातीशी धरून उभा.

"हा माह्यापाशीच राहू द्या जी. बायको समोरच्या दवाखान्यात हाये. पोरगा बसला तिच्यापाशी. त्याचा फोन आला तं?"

"सगळ्यांले एकच नियम आहे, दादा."

"मंग मी बाहेरच बसतो."

आत भूपेशबाबू येऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. मार्तंडरावांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी स्वतः टोपलीपाशी बसतो. फोन आला की मी स्वतः येऊन सांगतो तुमाले. माही जबान आहे."

बाबारावांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, फोन दिला आणि एक्केचाळीस नंबरची कांडी खिशात घातली.

हॉल भरला. पहिल्या दोन प्रवेशांत लोक हसले, कोणी डोळे पुसले. तिसरा सुरू झाला आणि दाराच्या फटीतून मार्तंडरावांनी पाहिलं, पाचशे माणसं रुचिकाच्या बोटांकडे बघत होती. कोणी हलत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीची ती शांतता जशीच्या तशी समोर पसरली होती.

तेवढ्यात टोपलीतला फोन वाजला. त्यांनी झडप घालून आवाज बंद केला. फोनच्या पडद्यावर नाव होतं, वैभव. चिठ्ठीवरचा नंबर एक्केचाळीस.

आत जायचं म्हणजे अंधारात हाक मारावी लागणार होती. चार मिनिटं, त्यांनी मनाशी म्हटलं. चार मिनिटांनी काय होते? फोन थरथरून थांबला. पुन्हा थरथरला. सहा वेळा थरथरला आणि मग गप्प झाला. फोन गप्प झाला म्हणजे काम भागलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. प्रवेश संपला तरी ते उठले नाहीत. पुढचा प्रवेश छोटाच होता.

पडदा पडल्यावर टाळ्यांमधून वाट काढत ते बाबारावांजवळ गेले. म्हाताऱ्याने फोन बघितला आणि खुर्चीखाली काढलेल्या चपलाही न घालता तो रस्त्याकडे धावला.

"सर, कमाल केली!" भूपेशबाबूंनी त्यांना दारातच गाठलं. "तो म्हातारीचा सीन! आपली तं टाचणी पाडायची हिंमत झाली नसती. दोन वर्षं हॉल तुमचा, जा."

मार्तंडराव म्हाताऱ्याच्या चपला हातात घेऊन समोरच्या दवाखान्यात गेले. बाबाराव दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसले होते. पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा.

"काहून नाही उचलला गा फोन?" तो बापाला विचारत होता. "माय सारखी इचारून राहिली होती, तुहे बाबा कुठी हायेत म्हणून. जाईपर्यंत इचारत होती."

"फोन माझ्याजवळ होता," मार्तंडराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पोराला तो ऐकू आला की नाही, कोण जाणे.

बाबारावांना ऐकू आला. ते म्हणाले, "नाटक चांगलं होतं जी. माह्या कौसल्याले लुगड्याची लय हौस." त्यांनी खिशातून कांडी काढली. "हे तुमची राहून गेली होती माह्यापाशी."

शिवी दिली असती तर मार्तंडरावांनी ती घेतली असती. त्यांनी कांडी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

पुढच्या प्रयोगाआधी त्यांनी तिसरा प्रवेश काढून टाकला.

"सर, काहून काढला? तोच तर सीन आहे आपला!" रुचिका रडकुंडीला आली.

"लांबते," ते म्हणाले.

त्यांनी फोनचा नियमही उठवला. नाटकभर फोन वाजायचे, लोक तिथेच बसून बोलायचे आणि मार्तंडराव बाहेर बाकावर बसून राहायचे. जुलैमध्ये रुचिकाने नाटक सोडलं. सप्टेंबरात हॉलमध्ये अकरा माणसं होती. भूपेशबाबूंनी दोन वर्षांचा शब्द मागे घेतला, आता ते विचारायलाही आले नाहीत. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाचा मांडव फाटकात उभा राहिला, तेव्हा मार्तंडराव आपलं कपाट रिकामं करत होते.

कांताबाई टोपली घेऊन आली. "सायेब, ह्या कांड्या तुमच्या घरच्या. मोजल्या म्या. एक कमी हाये."

"राहू दे," मार्तंडराव म्हणाले. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशातच होता.