जिभेखालची दहा मिनिटं

माझा स्वभाव चौकस आहे. नवरा त्याला भोचक म्हणतो. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत तीसेक वर्षं मुलांच्या दप्तरांत आणि डोक्यांत काय चाललंय ते शोधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ही खोड कुठे नेऊन टाकणार? डिंडोलीत आमच्या घरासमोरच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, नशा करणाऱ्यांसाठी उपचार केंद्र उघडणार असं कळलं तेव्हा सोसायटीच्या विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी होती. आणि केंद्र उघडल्यावर रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीतून तिकडे बघत बसणारीही मीच.

जे दिसायचं त्याचा काही उलगडा होईना. आठच्या सुमाराला माणसं यायला लागत. कुणी खात्यातून, म्हणजे लूमच्या कारखान्यातून, पाळी संपवून येई, कुणी पाळीवर जाताना येई. आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर येत आणि ओट्यावरच्या लांब बाकावर ओळीने बसत. कुणी कुणाशी बोलत नसे. मोबाइल वाजला तरी उचलत नसत. दहाएक मिनिटं सगळे मूग गिळून बसलेले, मान जराशी खाली. मग एकेक जण पुन्हा आत जाई आणि बाहेर आला की मोकाट बडबड सुरू. मला वाटलं, ध्यान करवून घेत असतील. नवरा म्हणाला, जाऊन विचार, म्हणजे मला तरी सकाळचा पेपर शांतपणे वाचता येईल.

तिसऱ्या आठवड्यात मला राहवलं नाही. गेले. आत माझ्या निम्म्या वयाची गुजराती सिस्टर होती. तिने माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी समोरच्या माणसाला तोंड उघडायला लावलं, गोळी कुटून तिची पूड त्याच्या जिभेखाली ठेवली आणि त्याला बाकाकडे पिटाळलं. मग म्हणाली, ही गोळी गिळली की वाया जाते, जिभेखालीच विरघळायला हवी. तोवर बोलायचं नाही, थुंकायचं नाही. शेवटी जीभ वर करून दाखवायची. काही जण हळूच तोंडातून काढून खिशात घालतात, म्हणून बाकावर कुणीतरी नजर ठेवायला लागतं. "माझ्याकडे माणूस नाही, टीचर," ती म्हणाली. "आणि तुमची नजर चांगली आहे. गॅलरीत रोज बघते मी तुम्हाला."

चोरी पकडली गेल्यावर नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून मी बाकासमोरच्या खुर्चीवर. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाली, असं घरातून ऐकून घेतलं.

काम तसं ओळखीचं होतं. वर्गात चिंचा चघळणारी पोरं काय कमी पकडली होती? "आ करा. जीभ वर. आता डावीकडे." मोठमोठी बाप्ये माणसं, मिशा असलेली, शहाण्यासारखी तोंड उघडून दाखवत. मला मात्र प्रश्न पडतच राहिले. एका नशेतून सोडवायला दुसरी गोळी द्यायची, हे कसलं औषध? मी सिस्टरला विचारलं. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "टीचर, तमे बीपीनी गोळी क्यारे बंद करवाना?" मी माझी बीपीची गोळी कधी बंद करणार होते? मग दुसरा प्रश्न. यांना चार महिने भरती करून का ठेवत नाहीत? तर म्हणाली, ठेवतात की. तिथे माणूस बरा होतो आणि घरी आला की बिघडतो, कारण गल्ली तीच, खातं तेच, पुडी देणारा दोस्तही तोच. म्हणजे बरं व्हायचं ते याच गल्लीत राहून, रोज कामावर जाऊन, याच लोकांसमोर. हे केंद्र नेमकं आमच्याच घरासमोर का हवं होतं ते मला तेव्हा कळलं. अर्जावरच्या सहीची मला लाज वाटली. ती सही मी सिस्टरला सांगितली नाही, तिने बहुतेक पाहिलेली असणार.

बाकावर एक चाळिशीचा माणूस असे, अमळनेरकडचा, लूमवर काम करणारा. सुरुवात पाळीत जागं राहायच्या गोळ्यांनी, मग अंगदुखीच्या गोळ्या, मग सुई. त्यानेच हे सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. चार महिन्यांत त्याचा एकही खाडा नव्हता. खात्यात आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे हातांची भाषा चालते. धागा तुटला, चहा आला, मास्तर आला. तोंड बंद असताना तो मला त्या खुणा शिकवी. मी ओट्यावर आले की तो बाकावरच्या सगळ्यांना 'मास्तर आला'ची खूण करी आणि ते तोंड न उघडता हसत. मला तो आवडायचा. शाळेत असता तर मॉनिटर केला असता.

श्रावण लागला आणि त्याच्या खुणा बंद झाल्या. एका सकाळी जीभ दाखवून झाल्यावर तो जागचा हलेना.

"बाई, एक काम होतं," म्हणाला. "माझ्या वहिनीकडे जाल का? तुम्ही शाळेतल्या बाई, तुमचा शब्द ती मोडणार नाही."

थोरला भाऊ आणि वहिनी इथेच, दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. तीन वर्षांपूर्वी याने घरच्या कानबाईची, म्हणजे त्यांच्या देवीची, नथ विकली होती. सुईसाठी. भावाने दार बंद केलं ते कायमचं. आता रविवारी कानबाई बसणार होती आणि त्याला तिच्या रोटाला घरी बसायचं होतं. एवढंच. पैसाअडका नको, राहायला जागा नको.

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर गावाला जातो निघून. इथे कुणासाठी राहू?"

सिस्टर आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने मला सांगितलं की असे गावाला गेलेले तिने दोघे पाहिले होते. गावात ही गोळी नाही. पहिल्या आठवड्यात अंग मोडून येतं, दुसऱ्या आठवड्यात माणूस मिळेल ते घेतो. त्यातला एक परत आलाच नाही.

मी साताऱ्याकडची. खानदेशी मुलांना जन्मभर शिकवलं, पण कानबाई माझ्या लेखी श्रावणातला तो सोमवार, ज्या दिवशी निम्मा वर्ग देवीच्या विसर्जनाला तापीवर गेलेला असतो. रोट म्हणजे त्यांचं सणाचं जेवण, एवढीच माझी अक्कल. त्या भांडवलावर मी शिष्टाईला निघाले.

त्याची वहिनी पन्नाशीच्या आतबाहेरची. मांडीवर साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवत बसली होती. मला पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली. मी बोलत होते, ती एकेक टिकली लावत होती. शेवटी म्हणाली, "यांना नाही चालायचं." मी शाळेतला आवाज काढला, तोही चालला नाही. मग मला वाटलं, आपण मधला मार्ग काढावा.

"बरं, घरी नका बोलावू," मी म्हणाले. "रोटाचा डबा भरून द्या. मी नेऊन देते त्याला."

तिचे हात थांबले. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

"रोट डब्यात देत नाहीत, बाई," ती म्हणाली. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, पाळण्यातल्या पोराच्याही. ते दळायचे, त्याचा रोट करायचा आणि तो घरच्यांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, उरवायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. जेवढ्या मुठी तेवढे घरचे लोक. घरात कोण आहे आणि कोण नाही, ते त्या गव्हांवरून ठरतं.

"मग त्याची मूठ घेता की नाही?" मी विचारलं. माझ्यातली भोचक बाई अशा वेळी गप्प बसत नाही.

तिने दोन टिकल्या लावल्या. "ते घरातलं आहे," म्हणाली.

माझे कान गरम झाले. इतकी वर्षं यांच्या पोरांचे कान धरले आणि यांच्या घरातलं हे साधं मला माहीत नव्हतं. ती पुढे म्हणाली, की दुधाने तोंड पोळलंय आमचं. एकदा शहराबाहेर कुलपात ठेवून आणला, पंधरा दिवस टिकला. आता म्हणे गोळी घेतो. एक सुटलं, दुसरं धरलं. मी बीपीचा दाखला दिला, पण सिस्टरच्या तोंडी जो खणखणीत वाटला होता तो माझ्या तोंडी लुळा पडला. मग माझा तोल गेला.

"मला काय सांगता? सकाळी आठला या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा," म्हणाले आणि पाणी न पिताच उठले.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. गुरुवारी आली. नेमकी अशा वेळी, की सिस्टरने त्याच्या जिभेखाली पूड नुकतीच ठेवली होती आणि तो बाकावर येऊन बसला होता. वहिनीला बघून तो अर्धा उठला, पुन्हा बसला. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तो काही बोलेना.

"आते बोल ना," ती म्हणाली. "आते काय झायं तुना तोंडले?"

तिला नियम माहीत नव्हता. ती त्याला उर्मट समजत होती. मी सांगायला पुढे झाले तर सिस्टरने माझं मनगट धरलं. का धरलं, ते मला लगेच कळलं नाही, पण मी थांबले.

वहिनी बोलायला लागली. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा हा चौथीत होता. याच्या पाटीवरचं ती पुसून द्यायची, याचं डोकं विंचरायची, सासूच्या हातचा मारही चुकवायची. हे सगळं तिने एका आवाजात सांगितलं, भांडल्यासारखं नाही. नथ गेली त्याचं तिला एवढं नव्हतं. तिला लागलं होतं ते त्याचं बोलणं. दर वेळी उत्तर तयार. दर वेळी नवीन गोष्ट.

"नथ गयी, जाऊ दे," ती म्हणाली. "पन मना पोऱ्यानी शपथ कसाले खादी तू?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. औषध हातावर थुंकून टाकायचं आणि बोलायला लागायचं, एवढं केलं असतं तरी पुरे होतं. पाय धरता आले असते, माफी मागता आली असती, आणखी एखादी शपथही खाता आली असती. त्याचं जीभ चालवण्यातलं कसब सगळ्या घराला ठाऊक होतं. पण त्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले आणि तोंड मिटून ऐकत राहिला. बाकावरची बाकीची माणसंही मान खाली घालून बसली होती. तीन वर्षांचं साठलेलं बोलणं दहा मिनिटांच्या आत, कुणी मध्ये न तोडता, बोलून होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. वहिनी थांबली तेव्हा घड्याळात दोन मिनिटं उरली होती. ती तशीच उभी राहिली.

वेळ झाली. मला कसंतरीच वाटत होतं, पण काम ते काम. "आ करा," मी म्हणाले. "जीभ वर."

त्याने तोंड उघडलं. वहिनी माझ्या बाजूने वाकली आणि तिनेही आत पाहिलं, नीट, डावी-उजवीकडे.

"रोज असंच दाखवतो?" तिने मला विचारलं.

"रोज. चार महिने झाले."

मग त्याच्याकडे वळून तिने विचारलं, जेवण कुठे करतोस. तो म्हणाला, खानावळीत. ती निघून गेली. रविवारचा विषय कुणी काढलाच नाही.

शुक्रवारी मी विचारलं, शनिवारी विचारलं. शनिवारी सिस्टर माझ्यावर चिडली. रविवारी तो सगळ्यांच्या आधी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आदल्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला होता. 'सकाळी ये,' एवढंच म्हणाली होती.

"म्हणजे मूठ घेतली?"

"बोलावलंय, बाई," तो म्हणाला. "पाहुण्यालाही बोलावतात. पुढचं तिथे गेल्यावर कळेल." त्याने शर्टाची कॉलर पुन्हा एकदा सारखी केली.

त्या दिवशी माझं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. नवऱ्याने दोनदा सांगितलं की आमटीत मीठ नाही.

सोमवारी मिरवणूक निघायच्या आधी तो आला. मी ओटा चढेपर्यंत सिस्टरने त्याला औषध देऊन टाकलं होतं. मी तरीही विचारलं. त्याने पंजा दाखवला, थांबा. दहा मिनिटं. मी इतकी वर्षं परीक्षांना पहारा दिला, पण इतकी लांब दहा मिनिटं मला आठवत नाहीत. त्याचे डोळे लाल होते. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मी खुर्चीवरून दोनदा उठले आणि सिस्टरने दोनदा बसवलं.

वेळ संपली. त्याने जीभ दाखवली, तोंड पुसलं आणि माझ्याशी कायम शाळेतली मराठी बोलणारा तो माणूस अहिराणीत बोलला.

"बाई, मनी मूठ वयनी दरसाल लेये. भाऊले तिनी सांगंच नही. मना वाटाना रोट ती एकलीच खाये."

दार बंद होतं ती तिन्ही वर्षं. नवऱ्याला कळू न देता तिने दर श्रावणात याच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतले, दळले, रोट केला. परक्याला देता येत नाही, उरवता येत नाही, टाकता येत नाही, म्हणून याचा वाटा ती स्वतः खात आली होती. काल तो पहिल्यांदा याच्या पानात पडला.

"उद्या आठला येतो," तो म्हणाला आणि कानबाईला पोचवायला तापीवर गेला.