लाल दिसतं ते जिवंत

सासरी तिला सगळे ‘घार’ म्हणत. उपग्रहाचे फोटो बघून जळालेलं जंगल पुन्हा कितपत उगवलं, हे सांगायची तिची नोकरी. आभाळातून रान ओळखणारी ही बाई डोक्यावर सरकवलेला चष्मा मात्र घरभर शोधत फिरे. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणत नवराच तो तिच्या नाकावर आणून ठेवी.

त्या आठवड्यात मात्र घारीचं अवसान गळालं होतं. काही वर्षांपूर्वी वणव्यात टेकडीचा अख्खा उतार जळाला होता; तिथे लावायची रोपं तयार करायचं काम तिच्या नणंदेने घेतलं होतं. ताईंचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जाई, पण रोपवाटिकेत हीच बाई रोपांशी हळू आवाजात बोले. आणि आता फोटो सांगत होते की उतार आपला आपणच उगवतोय. गवत वाळून जातं त्या कोरड्या महिन्यातले दरवर्षीचे फोटो घारीने ताडून पाहिले. झाडंच होती. तसा रिपोर्ट गेला की लागवड रद्द, आणि ताईंची रोपं पडून. ‘उतार अजून उघडाच आहे’ एवढं लिहिलं की घरात शांतता. तिने ते लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

शेवटी तिने ताईंनाच ऑफिसात बोलावलं. स्क्रीनवरचा लालभडक उतार बघून ताई दचकल्या. अजून जळतोय की काय, म्हणाल्या. या फोटोत जिवंत पान लालच दाखवतात, हे घारीने समजावलं, मग एका दमात सगळं सांगून टाकलं आणि शिव्या खायला मान खाली घालून बसली.

ताईंनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

“पाणी कोणी घातलं यांना?”

“कोणीच नाही, ताई.”

“आणि आमचे खड्डे कुठे पडणार होते?”

घारीने बोट ठेवलं. अगदी त्या लालावरच.

ताईंचे डोळे भरून आले. पालथ्या हाताने ते पुसत त्या म्हणाल्या, “पाठव तुझा रिपोर्ट. माझ्या रोपांना मी आहे. या बिचाऱ्यांना कोण आहे?”