आरशामागचं दार

आमच्या मास्तरांइतका घाबरट शिंपी मी जन्मात पाहिला नाही. त्यांच्याच शेजारी मी सात वर्षं इस्त्री करतेय, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. हातात कात्री असली की माणूस राजा. कात्री खाली ठेवली की पाचावर धारण.

दुकान खरं आहे, शिलाईही खरी. फक्त कपडे घालून बघायच्या तीन खोल्यांपैकी शेवटच्या खोलीतला आरसा हे दार आहे. आत मंद दिव्यांचा बार, महागडी कॉकटेल्स. बाहेर पाटी नाही. गिऱ्हाईक येतं, खूण म्हणून काउंटरवर शिंप्याची बोटातली पितळी टोपी, अंगुस्तान, ठेवतं, मास्तर मशीनचं पायडल दोनदा दाबतात आणि आतला माणूस आरसा सरकवतो. मालकांचा नियम एकच, ओळख दाखवायची नाही. सख्खा भाऊ आला तरी "या, काय शिवायचंय?" एवढंच. वर कॅमेरा आहे. आधीचे मास्तर एकाला "काल दिसला नाहीत?" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसले.

आमच्या मास्तरांनी घरी सांगितलं होतं की ते गणवेशांच्या कारखान्यात आहेत. त्यांचा थोरला भाऊ दारूपायी गेला. तेव्हा ह्यांनीच बायको-मुलीला शपथ घातली, या घरातलं कुणी दारूच्या दारात पाऊल टाकणार नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि हे नेमके दारातच येऊन बसले. एकत्र डबा खाताना माणूस फार काळ खोटं बोलू शकत नाही, म्हणून मला माहीत.

त्यांची मुलगी एका ऑफिसात नकाशे काढते. तिला असे लपलेले बार शोधायचा नाद लागला. पिते लिंबू-सोडा, पण दार सापडलं की पोरीला कोण आनंद! एक जुन्या टेलिफोन बूथमधून निघालं, एक फ्रिजच्या दारातून, एक फुलांच्या दुकानामागे. रविवारी जेवताना ती हे सांगायची आणि मास्तर तिला तासभर झापायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सोमवारी मला विचारायचे, "ते फुलांचं दुकान इथून किती लांब हो, ताई?"

"दोन गल्ल्या."

त्या दिवशी त्यांनी एका पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला.

"सांगून टाका घरी," मी म्हटलं. "दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल."

"तोंड बघणार नाही ती माझं," मास्तर म्हणाले. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. दार वाजलं की त्यांच्या हातातली सुई घसरायची. अंगुस्तान बोटात असायचं म्हणून बरं. पण तेही त्यांनी महिन्यापूर्वी कुठेतरी हरवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला चार मुली आत आल्या. पुढच्या मुलीचं नाक थेट मास्तरांचं. तिने मुठीतून काढून काउंटरवर अंगुस्तान ठेवलं. एका बाजूला चेपलेलं. मास्तरांचंच.

मास्तरांनी अंगुस्तान बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि सवयीने, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "या मॅडम, काय शिवायचंय?"

माझ्या इस्त्रीखाली कुणाची तरी कॉलर करपली.

मुलीचा चेहरा उतरला. तिने अंगुस्तान उचललं. "चला गं," ती मैत्रिणींना म्हणाली, "मीच चुकले. इथे काही नाही."

ती दारापर्यंत पोचली. मास्तरांनी एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग स्टूल मागे पाडून उठले.

"थांब, बाळ." मैत्रिणींकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "ही माझी मुलगी आहे. मी इथे काम करतो. मागे बार आहे."

पडद्यामागे आरशाची खिट्टी वाजली. मालक बाहेर येत असणार.

मुलगी पाठमोरीच उभी राहिली. मग परत आली, मास्तरांचा हात ओढून तिने त्यांच्या बोटात अंगुस्तान घातलं.

"हे तुमच्या डब्याच्या पिशवीत सापडलं आणि मग या बारची खूण कानावर आली. महिना झाला मला कळून," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आईला अजून माहीत नाही. आज दोघं मिळून सांगू." आणि जाता जाता, दारातून, "येताना दूध आणा बाबा."

मागे मालक येऊन उभे होते. मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही.

"अर्धा लिटर की एक?" त्यांनी विचारलं.