वर न गेलेला हात

एकोणीस वर्षांत कुणालाही, अगदी बायकोलाही, न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. जिल्हा खो-खो संघाच्या निवड चाचणीत मिलिंदची बोटं माझ्या पोटरीला लागली होती. मी बाद होतो. हे सांगितल्याशिवाय आप्पांविषयी एक ओळही लिहायचा मला अधिकार नाही.

दीड महिन्यापूर्वी ऑफिसला निघताना फोन वाजला. "विज्या, आप्पा गेले." आवाज ओळखायला क्षणभर वेळच लागला. आप्पांचा मुलगा मिलिंद. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच फोन केला होता.

आप्पा कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपवून घरी न जाता सायकल थेट आमच्या पंचवटीतल्या मैदानावर. तरुणपणी स्वतः खेळले, गुडघा गेला तसे शिकवू लागले, आणि पुढे जिल्हा संघटनेचे चिटणीस झाले. चिटणीस म्हणजे काय, तर शाळांना स्वतःच्या अक्षरात पत्रं लिहायची, घोटीला पंच कमी पडले की एसटी पकडून स्वतः शिट्टी घेऊन उभं राहायचं. मैदान आखायचं काम मात्र त्यांनी कधी कुणावर सोपवलं नाही. अंतराअंतरावर गाठी मारलेली त्यांची एक सुतळी होती, चुन्याची फक्की लागून लागून पांढरी पडलेली. एक टोक आप्पांच्या हातात, दुसरं मिलिंदच्या. "ताण रे, ताण. सैल सोडलीस तर चौकोनाचा भोपळा होईल." आम्ही हसायचो. मिलिंद मान खाली घालून सुतळी ताणायचा.

आमच्या मंडळाचा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. बाद झालास की पंचाकडे बघायचं नाही. हात वर करायचा आणि बाहेर जायचं. "पंचाला दिसलं नसेल, तुझ्या कातडीला तर कळलं ना?" असं आप्पा विचारायचे. निफाडच्या एका सामन्यात मी तसा हात वर केला होता. पंच खेळ चालू ठेवायच्या बेतात होता. आम्ही एका गुणाने हरलो. पोरं परतीच्या एसटीत माझ्याशी बोलत नव्हती. आप्पा उठले, आपली खिडकीची जागा मला दिली आणि नाशिक येईपर्यंत दांड्याला धरून उभे राहिले. त्या जागेचं मला काय वाटलं होतं, ते आजही सांगता येत नाही...

नव्वदीच्या सुरुवातीची ती चाचणी. संघात एकच जागा उरली होती, मी नाहीतर मिलिंद. आप्पा निवड समितीवर. घरचा मुलगा म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी त्यांनी सगळ्यांसमोर साधी अट ठेवली. मिलिंदने पाठलाग करायचा, मी पळायचं. त्याने बाद केलं तर जागा त्याची, वेळ संपेपर्यंत टिकलो तर माझी. शेवटच्या काही सेकंदांत मी खांबाला वळसा घातला आणि मिलिंदने सूर मारला. पोटरीला तीन बोटं लागली. तीनच, हे मी आजही मोजून सांगू शकतो. पंच पलीकडे होता, शिट्टी वाजली नाही. मिलिंद मातीतूनच म्हणाला, "आप्पा, लागलाय. माझ्या बोटांना कळलंय."

आप्पा माझ्याकडे वळले. "विज्या, लागला का?"

"नाही, आप्पा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण निफाड त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्या एका खऱ्या हाताच्या जिवावर माझं खोटं खपलं. मुलाला ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मिलिंद, हरलास तर हरलास. या मैदानावर खोटं चालत नाही." मिलिंदने तळव्यांची माती चड्डीला पुसली आणि तो घराकडे निघाला. पुन्हा मैदानावर आला नाही. पुढच्या रविवारी सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

त्या संघाच्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागली. मिलिंद वापीला कंपनीत गेला, दिवाळीला यायचा, तेही एखाद्याच. आणि आप्पा दर उन्हाळी शिबिरात नव्या पोरांसमोर मला उभं करून सांगायचे, "हा विजय. याने निफाडला स्वतःहून हात वर केला होता." पोरं टाळ्या वाजवायची. मी खांबाकडे बघत राहायचो.

जाण्याआधी पंधरा दिवस मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. छताकडे बघत ते म्हणाले, "मिलिंद एवढा का तुटला रे? तुझ्याजवळ कधी काही बोलला?" घरात आम्ही दोघंच होतो. याहून सोपी संधी माणसाला मिळत नाही.

"नाही, आप्पा." तेच दोन शब्द.

दहाव्याचे विधी आटोपल्यावर, गोदाकाठावरच, मिलिंदने पिशवीतून सुतळीचं भेंडोळं काढून माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडेच असू दे. शेवटपर्यंत टोक तूच धरलंस." टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता. त्या संध्याकाळच्या गाडीने तो पेठमार्गे वापीला गेला.

आता रविवारी मैदान मी आखतो. पोरं म्हणतात, सर, दुसरं टोक आम्ही धरतो. मी नको म्हणतो आणि ते खांबाला बांधतो. खांब सुतळी ताणून धरतो, पण हलकेच सैल सोडून पुन्हा ताणण्याची मिलिंदची जी लकब होती, ती खांबाला कुठून येणार... गाठीतून फक्की अजून बोटांना लागते.

आप्पांचं देणं आता फिटणार नाही. मिलिंदचं मात्र बाकी आहे, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे छापून आल्याने ते फिटत नाही. वापीला त्याच्या दारात उभं राहून, हात वर करून, मला त्याला दोन शब्द सांगायचे आहेत: लागला होता.